छायाचित्रामागची कोरी बाजू

दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत माळ्यावरची एक जुनी पत्र्याची पेटी दर वर्षी खाली उतरते आणि तासाभराचे काम दिवसभर लांबते. कारण त्या पेटीत छायाचित्रे आहेत. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेली, काही दातेरी कडांची, काहींवर बुरशीचे तपकिरी ठिपके पडलेले. ती एकेक करून हातात घेतली जातात, "हे कोण?" असे विचारले जाते, कोणीतरी अंदाजाने उत्तर देते आणि छायाचित्र पुन्हा पेटीत जाते. पुढच्या वर्षी तोच प्रश्न, तोच अंदाज. फरक एवढाच, की उत्तर देणारे एक माणूस मधल्या काळात कमी झालेले असते.

गेल्या दिवाळीत या नेहमीच्या क्रमात एक खंड पडला. त्याची हकीकत येथे सांगावीशी वाटते, कारण अशी पेटी बहुतेक व्यापारी कुटुंबांच्या घरी असेल आणि तिच्यातील छायाचित्रांची मागची बाजू बहुधा कोरीच असेल.

आमचे मूळ घराणे मारवाडातले. चार-पाच पिढ्यांपूर्वी नगर जिल्ह्यातील एका बाजारपेठेच्या गावी येऊन स्थिरावलेले. धान्याची आडत आणि थोडीफार सावकारी हा व्यवसाय. पेटीतील एक छायाचित्र त्या जुन्या पेढीवरील वहीपूजनाचे आहे. मध्यभागी पाटावर नवी वही, शेजारी दादाजी पगडी घालून बसलेले, त्यांच्या उजव्या हाताला पांढरी टोपी घातलेले काकाजी, मागे मुनीमजी आणि दोन हमाल, पुढे मुलांची रांग. एका मुलाचा हात पुसट झाला आहे. कॅमेऱ्याची झडप उघडी असताना त्याने तो हलवला असावा. आणि अगदी मागे, माजघराच्या दारात, अर्धी उजेडात अर्धी अंधारात, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेली एक स्त्री उभी आहे. तिची साडी फिकट आहे, बिनकाठाची आहे. इतकी वर्षे आम्ही हे छायाचित्र पाहत आलो, पण ती स्त्री कोण, हे कोणी विचारले नव्हते. खरे सांगायचे तर ती कोणाला दिसलीच नव्हती.

आपल्या व्यापारी घराण्यांचे हे एक नवल आहे. ज्यांच्या वह्यांत कोणा गाडीवानाला दिलेले दोन आणेसुद्धा नोंदलेले सापडतात, त्यांच्या छायाचित्रांच्या मागे एका ओळीची नोंद नसते. पैशाचा हिशेब विसरला जाईल ही भीती आपल्याला नेहमी वाटली. माणूस विसरला जाईल, हे मात्र मनात आले नाही.

वास्तविक छायाचित्रणाची कला आपल्याकडे फार लवकर आली. पॅरिसमध्ये दागेर यांची पद्धत १८३९ साली जाहीर झाली आणि पंधरा वर्षांत, १८५४ मध्ये, मुंबईत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या काळातील नामवंत छायाचित्रकार. आणि एकोणिसाव्या शतकातील सर्वांत ख्यातनाम भारतीय छायाचित्रकार तर जैन कुळातले होते. लाला दीनदयाळ यांचा जन्म १८४४ साली मेरठजवळील सरधना येथे जवाहिऱ्यांच्या जैन घराण्यात झाला. रुरकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकून ते इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीस लागले आणि तेथेच त्यांना कॅमेऱ्याचा नाद लागला. पुढे हैदराबादच्या सहाव्या निजामांनी त्यांना 'राजा' हा किताब दिला. सिकंदराबाद, इंदूर आणि मुंबई येथे त्यांचे स्टुडिओ होते. १९०५ साली मुंबईतच त्यांचा अंत झाला.

दीनदयाळ यांच्या कार्यातील एक गोष्ट आमच्या छायाचित्राच्या संदर्भात मला वारंवार आठवली. १८९२ च्या सुमारास त्यांनी हैदराबादेत स्त्रियांसाठी स्वतंत्र जनाना स्टुडिओ उघडला. तेथे छायाचित्रे काढण्याचे काम एका इंग्रज बाईंकडे सोपवले होते, जेणेकरून पडद्यात राहणाऱ्या स्त्रियांनाही निःसंकोचपणे कॅमेऱ्यासमोर बसता यावे. स्त्रीचाही चेहरा जतन व्हावा, त्यासाठी वेगळी सोय करावी, हे एका जैन व्यावसायिकाला त्या काळात सुचले. आमच्या घरात त्यानंतर साठ-पासष्ट वर्षांनीही एक स्त्री दाराआड उभी होती.

छायाचित्राचा काळ ठरवण्यापासून आम्ही सुरुवात केली. पुठ्ठ्यावरचा स्टुडिओचा शिक्का पुसून गेला होता, पण चित्रातच पुष्कळ खुणा होत्या. धान्याच्या राशीपाशी पायली, अधोली आणि शेर ही मापे मांडलेली दिसत होती. वजनमापांचा कायदा १९५६ चा, आणि मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने वापरात आली ती १९५८ पासून. म्हणजे हे छायाचित्र त्याच्या आधीचे किंवा फार तर त्याच सुमाराचे. पगडी आणि टोपी एकाच रांगेत बसलेली, हाही काळाचाच एक पुरावा. पण निश्चित साल सांगितले ते भुवाजींनी.

भुवाजी म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भगिनी. वय वर्षे ८१. गुडघे थकले आहेत, दृष्टी अधू झाली आहे आणि अलीकडे सकाळी काय जेवण झाले तेही त्यांना आठवत नाही. परंतु भिंगातून त्या छायाचित्राकडे पाहताच त्या म्हणाल्या, "हा हात हलवणारा तुझे बाबूजी. सात वर्षांचे होते. फोटोवाला काळ्या कापडाखालून ओरडत होता, हलू नका म्हणून, आणि यांच्या हातावर माशी बसली." वडिलांचा जन्म १९४९ चा, म्हणजे छायाचित्र १९५६ च्या दिवाळीचे, कार्तिकात सुरू होणाऱ्या गणनेने विक्रम संवत् २०१३ आणि वीर निर्वाण संवत् २४८३ यांच्या आरंभीचे. पाटावरची ती वही त्याच नव्या वर्षाची.

भुवाजी एकेक नाव सांगत गेल्या आणि माझी मुलगी ते टिपत गेली. दोन्ही हमालांची नावे त्यांना आठवली, एवढेच काय, त्यांतील एकाच्या मुलीचे लग्न कोणत्या गावी झाले तेही. शेवटी मुलीने दारातल्या त्या आकृतीवर बोट ठेवले. भुवाजी बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "या वांबोरीवाल्या काकी."

दादाजींच्या सर्वांत धाकट्या भावाच्या त्या पत्नी. लग्नानंतर तीन वर्षांत, विसाव्या वर्षाच्या आत, त्यांना वैधव्य आले. मूलबाळ नव्हते. पुढची सगळी वर्षे त्या या घरातच राहिल्या. पहाटेचे दळण, सगळ्यांचा स्वयंपाक, आजाऱ्यांची सेवा, साधू-साध्वीजी गावी आले की गोचरीची तयारी, हे सारे त्यांच्याकडे होते. "फोटोवाला म्हणाला होता, जागा आहे, मागच्या बाईंना पुढे बोलवा," भुवाजी सांगत होत्या. "कोणी काही बोलले नाही. पूजेचा दिवस होता ना! त्याही हलल्या नाहीत. म्हणून तर त्यांचा चेहरा इतका स्पष्ट आला आहे."

"पण त्यांचे नाव काय?" मुलीने विचारले.

भुवाजींना ते आठवेना. आपल्या मारवाडी घरांतली रीत वाचकांना ठाऊक आहेच. सून माहेरच्या गावावरून ओळखली जाते: कोणी पाथर्डीवाल्या, कोणी घोडनदीवाल्या. मोठ्यांनी नाव घ्यायचे नाही, लहानांना ते माहीत नसायचे. एक माणूस तीस वर्षे घरात वावरते आणि त्याचे नाव कोणाच्याच ओठावर येत नाही. भुवाजींना याचे इतके वाईट वाटले की त्या दिवशी त्या नीट जेवल्या नाहीत.

तेव्हा आठवण झाली ती वह्यांची. दादाजींच्या काळातील खातेवह्या लाल कापडाच्या बस्त्यांत बांधून ठेवलेल्या होत्या. घरात वैधव्य आलेल्या स्त्रीचे दागिने मोडून आलेली रक्कम तिच्या नावे पेढीवर जमा ठेवायची आणि तिच्यावर व्याज द्यायचे, ही आपल्या पेढ्यांची जुनी पद्धत. तसे खाते असेल तर तेथे 'वांबोरीवाल्या' असे लिहून भागणार नाही. तेथे नाव असलेच पाहिजे.

खाते सापडले, पण वाचता येईना. त्या वह्या मुडिया लिपीत आहेत, जिला महाजनीही म्हणतात. ही व्यापाऱ्यांची झटपट लिपी. तिच्यात काना, मात्रा, वेलांटी गाळलेली असते, केवळ अक्षरे. "काकाजी अजमेर गये" हा निरोप "काकाजी आज मर गये" असा वाचला गेल्याची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. शेजारच्या गावातील एका निवृत्त मुनीमजींकडे वही घेऊन गेलो. नव्वदीच्या घरातील या गृहस्थांनी चष्मा पुसून पान उघडले आणि न अडखळता वाचू लागले. खात्याच्या शिरोभागी चार अक्षरे होती. मात्रा नसल्याने ती तीन प्रकारे वाचता येत होती. ती तिन्ही नावे मी कागदावर लिहून आणली आणि भुवाजींना एकेक करून ऐकवली. पहिल्याला त्यांनी मान हलवली. दुसरे ऐकताच त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. काकींची आई एकदा वांबोरीहून भेटायला आली होती, तेव्हा अंगणातूनच तिने लेकीला त्या नावाने हाक मारली होती. भुवाजींनी आयुष्यात ते नाव तेवढेच एकदा ऐकले होते.

ते नाव मी येथे लिहीत नाही. ते घरचे आहे आणि आता छायाचित्रामागे लिहिलेले आहे.

हकीकत एवढ्यावर संपली असती, तर ती गोड आठवण म्हणून ठेवून दिली असती. परंतु मुनीमजींनी नाव वाचून वही मिटली नाही. त्यांनी खाते शेवटपर्यंत वाचले.

१९४९ साली दागिन्यांची रक्कम जमा. दरमहा शेकडा आठ आण्यांप्रमाणे, म्हणजे वर्षाला सहा टक्क्यांनी, दर दिवाळीला व्याज जमा. खर्च नावापुरता. दर पर्युषणात जीवदयेसाठी ११ रुपये. कधी एखाद्या साडीचे पैसे. आणि १९५८ पासून तीन वर्षे, दर जूनमध्ये, एक वेगळी नोंद: शाळेची फी व पुस्तके. पुढे भुवाजींचे नाव.

भुवाजी आमच्या घरातील मॅट्रिक झालेली पहिली मुलगी. त्यांना शिकवले ते दादाजींच्या उदारपणामुळे, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. दादाजींनी परवानगी दिली हे खरेच, आणि त्या काळात तेही थोडे नव्हते. पण पैसे काकींचे होते. भुवाजींनाही हे ठाऊक नव्हते.

शेवटची मोठी नोंद १९७२ ची. महाराष्ट्रातील तो भीषण दुष्काळ ज्येष्ठ वाचकांच्या स्मरणात असेल. दुष्काळी कामांवर खडी फोडणारी माणसे, तेथे वाटली जाणारी सुकडी, परदेशातून आलेला लाल मिलो. शेतकऱ्याच्या घरात दाणा नाही, तर आडत्याकडे माल कोठून येणार आणि उधारी तरी कशी वसूल होणार? आमची पेढी त्या वर्षी बुडण्याच्या बेतात होती. काकींच्या खात्यावर तेव्हा ४,७०० रुपये शिल्लक होते. ती सर्व रक्कम त्यांच्या नावे टाकून दुकानाच्या खाती वर्ग केलेली आहे. नोंदीखाली अंगठा नाही, सही नाही. त्यानंतरची पाने कोरी आहेत. पेढी सावरली, पुढे भरभराटीलाही आली. १९७६ साली काकींचे देहावसान झाले. मी तेव्हा दोन वर्षांचा होतो. त्यांनी मला कडेवर घेतले असणार. रक्कम परत केल्याची नोंद कोणत्याही वहीत नाही.

या गोष्टीवर घरात चर्चा झाली, आणि ती सौम्य नव्हती. एका चुलत बंधूंचे म्हणणे असे, की काकी घरच्याच होत्या. घरच्या माणसाने अडचणीत दिलेल्या पैशाला कर्ज म्हणायचे का? त्यांचे अन्न, वस्त्र, औषधपाणी पेढीनेच केले ना? म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. माझेही मन काही काळ तिकडे झुकले. तेव्हा इतका वेळ गप्प असलेल्या भुवाजी म्हणाल्या, "पैसे घेताना त्या घरच्या झाल्या. मग फोटोत पुढे का नाही बोलावले?"

त्यावर कोणाला उत्तर सुचले नाही.

आम्ही हिशेब मांडला. त्याच दराने, म्हणजे सहा टक्के चक्रवाढीने, ५३ वर्षांचे व्याज धरले. रक्कम १ लाख ३ हजारांच्या थोडी पुढे गेली. आजच्या काळात व्यापारी कुटुंबाला ही रक्कम जड नाही, आणि म्हणूनच ती देण्यात मोठेपणाही नाही. ते दान नव्हते, ती परतफेड होती. फार उशिरा केलेली. मुलींच्या एका वसतिगृहात फी आणि पुस्तकांसाठी ती देण्यात आली. पावती काकींच्या नावाने घेतली आणि भुवाजींच्या सांगण्यावरून ती त्याच जुन्या वहीत, त्या कोऱ्या पानावर चिकटवली. ज्या चुलत बंधूंनी आक्षेप घेतला होता, त्यांनीच तिच्याखाली 'खाते पूर्ण' असे लिहिले. संवत्सरीला आपण एकमेकांना 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणतो. या वर्षी भुवाजींनी ते त्या छायाचित्रासमोर बसून म्हटले.

आपल्या तत्त्वार्थसूत्रात कोणतीही वस्तू समजून घेण्याचे चार निक्षेप सांगितले आहेत: नाम, स्थापना, द्रव्य आणि भाव. नाम म्हणजे केवळ संज्ञा. स्थापना म्हणजे चित्रात किंवा आकृतीत केलेला आरोप. द्रव्य म्हणजे त्या वस्तूची मागची वा पुढची अवस्था आणि भाव म्हणजे तिची प्रत्यक्ष वर्तमान अवस्था. हा विचार मी अनेकदा प्रवचनांत ऐकला होता, पण त्याचा असा घरगुती अर्थ कधी लावला नव्हता. आमच्या पेटीत काकींची स्थापना होती, नाम नव्हते. आमच्या वहीत नाम होते, स्थापना नव्हती. दोन्ही एकाच माळ्यावर, चार हातांच्या अंतरावर, सत्तर वर्षे पडून होती.

१८९३ साली शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेत आपले वीरचंद राघवजी गांधी अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी जैन धर्माचे प्रतिनिधी म्हणून गेले. स्वामी विवेकानंद आणि धर्मपाल यांच्यासोबत बसलेले, काठेवाडी पगडी घातलेले त्यांचे छायाचित्र आजही आपण अभिमानाने छापतो. त्यात कोण कोण बसले आहे हे नोंदलेले आहे, म्हणून ते इतिहास सांगते. तशी नोंद नसती, तर 'पगडी घातलेले एक गृहस्थ' एवढेच म्हणावे लागले असते.

म्हणून वाचकांना एक विनंती. येत्या सणाला घरची पेटी उतरवाल, तेव्हा घरातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीला शेजारी बसवा. मागच्या बाजूला मऊ शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने, नावे, नाते, गाव आणि साल लिहा. बॉलपेन वापरू नये. त्याचा वळ पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई कालांतराने झिरपते. चिकट पानांच्या अल्बममध्ये किंवा लॅमिनेशनमध्ये जुनी छायाचित्रे अडकवू नयेत. चौकटीच्या काचेला चिकटलेले छायाचित्र ओढून काढू नये. काचेसकटच त्याची प्रत करून घ्यावी. ओल येणाऱ्या भिंतीपासून पेटी दूर ठेवावी. संगणकावर प्रती करताना मागच्या बाजूचीही प्रत काढावी, कारण निम्मी माहिती तेथेच असते. ज्येष्ठ बोलत असताना त्यांचे बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवावे; नावाबरोबर माशी बसल्याची गोष्टही जपली जाते. आणि जुन्या वह्या रद्दीत घालण्यापूर्वी, त्या वाचू शकणारे कोणी हयात आहे का, याची एकदा चौकशी करावी.

आणि छायाचित्र पाहताना मधल्या माणसांवर नजर थांबू देऊ नका. दारात, खांबाआड, मुलांच्या मागे कोणी उभे आहे का ते पाहा. त्यांचे नाव आधी विचारा, कारण ते सांगू शकणारे सर्वांत कमी उरलेले असतात.

आमच्या बैठकीच्या खोलीत आता ते छायाचित्र लावले आहे. चौकटीखाली नावांची यादी आहे. तिच्यात तेरा नावे आहेत आणि पहिले नाव काकींचे आहे. परवा भुवाजींची नात आली होती. यादी वाचून तिने विचारले, "पहिल्या कोण?" भुवाजींनी तिला जवळ घेतले आणि दाराकडे बोट दाखवले.